मुलगा शब्द तयार करतो

"बाबा, तो शब्द तयार करतो," आश्लेषा फोनवर म्हणाली तेव्हा मी विहिरीच्या कठड्यावर बसलो होतो. आमच्या वाडीत मोबाइलला रेंज तेवढ्या एकाच जागी येते. मी आत पडलो नाही, याबद्दल घरात अजून कुणी माझं कौतुक केलेलं नाही.

"शब्द? कसले शब्द?"

"इंग्रजी. लोकांना अवघड इंग्रजी शब्द किती येतात ते तपासायच्या परीक्षा असतात ना ऑनलाइन? त्या बनवणारी एक कंपनी आहे, बाहेरची. अजित त्यांच्याकडे आहे. माणगावला घरात बसूनच काम करतो."

"इंग्रजी शब्द इंग्रजांनी करून ठेवलेत. ते माणगावात पुन्हा कशाला करायचे?"

"रविवारी तो आणि त्याचे वडील येतायत आपल्याकडे. तूच विचार," असं म्हणून तिने फोन ठेवला. मुलगी पुण्यात नोकरीला गेली की फोन ठेवायला शिकते.

आपण अजित गायकवाड या मुलाशी लग्न करणार, हेही तिने त्याच फोनवर आधी सांगितलं होतं. पण माझं लक्ष अडकलं ते व्यवसायाच्या रकान्यात. त्याला माझा इलाज नाही. मी भूमी अभिलेख खात्यात एकतीस वर्षं छाननीच्या टेबलावर काढली. छाननी म्हणजे समोर आलेला प्रत्येक कागद खोटा आहे असं धरून चालायचं आणि खरा निघाला तर थोडं हिरमुसायचं. 'सोमणांच्या टेबलावरून वारासुद्धा सही दाखवून जातो' असं साहेब म्हणायचे. ते कौतुकाने म्हणायचे, अशी माझी समजूत होती.

मी कुंपणापाशी जाऊन हरीभाऊंना हाक मारली. हरीभाऊ हे आमचे शेजारी. बँकेतून निवृत्त झाले, आता सुपारी आणि सल्ले पिकवतात. सुपारीला बाजार तरी आहे.

"घरी बसून? परदेशी कंपनी? आणि माल काय, तर शब्द?" हरीभाऊंनी एकेका प्रश्नाला एकेक बोट मुडपलं. "नाना, हा सरळ सरळ सायबरचा प्रकार आहे. ते शब्द विचारण्याच्या निमित्ताने माहिती काढून घेतात."

"कसली माहिती?"

"ते माहिती गेल्यावर कळतं."

हे मला पटलं. मग असं ठरलं की आपण आधी ती परीक्षा देऊन पाहायची. शत्रूच्या गोटात शिरल्याशिवाय पुरावा मिळत नाही. आश्लेषाने परीक्षेचा दुवा आनंदाने पाठवला, यावरून मला वाटलं की पोरगी अजून भोळी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, चष्मा पुसून मी कठड्यावर बसलो. माझं इंग्रजी चांगलं आहे. हे मी म्हणत नाही, खात्यात सगळे म्हणायचे. तालुक्याच्या कचेरीतून जिल्ह्याला जाणारं कुठलंही इंग्रजी पत्र माझ्या हाताखालून जात असे. त्यामुळे मी जरा सैल बसलो होतो.

पहिल्या भागात नुसते शब्द येत होते आणि 'हा शब्द तुम्हाला माहीत आहे का?' एवढाच प्रश्न. खाली हो आणि नाही. आता परीक्षेत 'नाही' कोण लिहितो? आमच्या शाळेत तसं लिहिलं असतं तर पाठीवर वळ उठले असते. मी हो, हो, हो करत सुटलो. 'ब्रेंटिक्युलर'? हो. 'ऑस्पिडेट'? हा तर ऑफिसात रोज लागायचा. 'कॉन्फ्लेरस'? थोडा धूसर वाटला, पण नावावरून घराणं कळतंच. हो.

दुसऱ्या भागात अर्थ होते, प्रत्येकाला चार पर्याय. 'नॉनप्लस्ड'. जे प्लस नाही ते उणे, म्हणून 'कमी केलेला' या अंगाने जाणारा पर्याय निवडला. 'एनर्व्हेट'. नर्व्ह म्हणजे नस. नसेत जोर भरणे, हे उघड होतं. मग आला 'फुलसम'. हा माझ्या खास जिव्हाळ्याचा शब्द. आमचे साहेब निवृत्त झाले तेव्हा मानपत्र मीच लिहिलं होतं आणि त्यात 'फुलसम प्रेझ' असा शब्दप्रयोग करून टाळ्या घेतल्या होत्या.

शेवटी निकाल आला. माझा शब्दसंग्रह इंग्लंडातल्या नऊ वर्षांच्या मुलाइतका होता. खाली बरोबर उत्तरं दिली होती. 'नॉनप्लस्ड' म्हणजे गोंधळून गेलेला. 'एनर्व्हेट' म्हणजे अंगातला जोर काढून घेणे; ते वाचता वाचता तसंच होत गेलं. 'फुलसम' म्हणजे किळस यावी इतकी खोटी खोटी स्तुती. साहेब निवृत्तीनंतर माझ्याशी बोलायचे का थांबले, याचा उलगडा मला बारा वर्षांनी विहिरीवर झाला.

पण हे सगळं मी गिळलं असतं. सर्वांत खाली एक ओळ होती. तिचा अर्थ असा की, 'तुमची उत्तरं विश्वासार्ह वाटत नाहीत.'

मला! जन्मभर दुसऱ्यांचे कागद अविश्वासार्ह ठरवून परत पाठवणाऱ्या माणसाला!

हरीभाऊंनी ती ओळ तीनदा वाचली. "ही अब्रुनुकसानी आहे. चला पोलीस ठाण्यात."

शनिवारचा दिवस होता. काशीदच्या किनाऱ्यावर निघालेल्या गाड्यांच्या रांगेत आमची स्कूटर अर्धा तास अडकली आणि तेवढ्या वेळात रस्त्यावर भेटलेल्या चार ओळखीच्या लोकांना हरीभाऊंनी आम्ही कुठे आणि का चाललोय ते सविस्तर सांगितलं.

ठाण्यात सुचिता भगत नावाच्या तरुण पोलीस बाई टेबलावर होत्या. फार अदबीने बोलल्या. म्हणूनच मला त्यांचा संशय आला.

"काका, ओटीपी दिलात का कुणाला?"

"नाही."

"कुणी फोन करून घाबरवलं? फोटो मागितले?"

"माझे फोटो कोण मागेल?" मी म्हणालो.

"मग तुमचं गेलं काय?"

मी फोन पुढे केला. त्यांनी ती ओळ वाचली. फॉर्मवर 'काय गमावले' असा रकाना होता आणि त्यांचं पेन तिथे अडलं.

"अब्रू लिहा," हरीभाऊ म्हणाले.

"तसं लिहिता येत नाही काका. अब्रू गेली म्हणायला चार लोकांनी ते बघायला लागतं. हे कुणी कुणी बघितलंय?"

"मी आणि हे."

"मग अब्रू अजून घरातच आहे," सुचिताबाई म्हणाल्या. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचे हवालदार वाकून फोन बघायला लागले, पाण्याचा जार घेऊन आलेला माणूसही थांबला, आणि मी मोजलं तर अब्रू बघणारे एकूण पाच झाले होते.

"आणि गुन्हा घडला ती जागा कुठली?" त्यांनी विचारलं.

"विहीर."

या शब्दाबरोबर अख्खं ठाणं दचकलं. विहिरीत कुणी पडलेलं नाही हे पटवून देण्यात वीस मिनिटं गेली आणि तसा जबाब मला सहीनिशी लिहून द्यावा लागला. मग सुचिताबाईंनी स्वतःच्या फोनवर ती परीक्षा काढली, चहा पिता पिता दिली आणि मला निकाल दाखवला. उत्तरं विश्वासार्ह होती. "मला निम्मे शब्द आलेच नाहीत हो," त्या हसून म्हणाल्या. निम्मे शब्द न येणारी बाई विश्वासार्ह आणि सगळे येणारा मी नाही! त्या परीक्षेत काळंबेरं आहे, याबद्दल माझी उरलीसुरली शंकाही फिटली.

घरी येऊन मी माळ्यावरून वडिलांची जुनी डिक्शनरी काढली. वाळवीने 'डी'पासून 'एफ'पर्यंतचा बराचसा भाग खाल्ला होता, तरी बाकीचं इंग्रजी शाबूत होतं. रविवारी बोलता बोलता, कुणाला कळू न देता मुलाची परीक्षा घ्यायची, असा बेत होता. हरीभाऊ शब्द शोधत होते, मी उतरवून घेत होतो. कुमुद, म्हणजे आमची मंडळी, ओटीवर मोड आलेले वाल सोलत बसली होती. हरीभाऊ गेल्यावर म्हणाली,

"अहो, एक विचारू? तुमची शंका त्याच्या इंग्रजीवर आहे, की गायकवाड या आडनावावर?"

"मी?" मी ताडकन उठलो. "मला तू हे विचारतेस? चौदा एप्रिलच्या मिरवणुकीला नाक्यावर सरबताचं टेबल लागतं, तिथे दर वर्षी मी उभा असतो!"

"टेबलाच्या अलीकडे. मिरवणूक पलीकडून जाते," कुमुद म्हणाली आणि वाल सोलत राहिली.

मी डिक्शनरी उघडून पुढचा शब्द शोधायला लागलो.

रविवारी सकाळी आश्लेषा पुण्याहून आली. अकराच्या सुमाराला अजित आणि त्याचे वडील माणगावहून मोटारसायकलवर आले. वडील भागोजी गुरुजी, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. पांढरा सदरा, खिशाला पेन, आणि वर्गात शिरल्यावर आधी मागच्या बाकाकडे पाहणारे डोळे. मुलगा सावळा, शिडशिडीत. "नमस्कार काका," म्हणाला. वाकला, पाणी प्यायला, सुपाऱ्या यंदा कशा आहेत ते विचारलं. एकही इंग्रजी शब्द बोलला नाही. ज्याला खरंच इंग्रजी येतं तो पाच मिनिटं तरी कळ काढू शकेल का? मी हरीभाऊंकडे पाहिलं. हरीभाऊंनी डोळे मिचकावले.

"आज हवा अगदी सॅल्युब्रियस आहे, नाही?" हरीभाऊ म्हणाले.

"हो, छान आरोग्याची हवा आहे तुमच्याकडे," अजित म्हणाला.

हरीभाऊंनी हळूच टिपणात पाहिलं. बरोबर होतं.

"मी तरुणपणी फार पेरिपटेटिक होतो," मी म्हणालो.

"म्हणजे पायाला भिंगरी! नोकरीत बदल्या फार झाल्या असतील, काका."

बदली एकदाच झाली होती, तीही त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर. असे पाच-सहा शब्द झाले. आश्लेषा माझ्याकडे टक लावून बघायला लागली होती. तिला काहीतरी वास आला होता, तेव्हा घाई करणं भाग होतं.

"बरं, ते नुडियस्टर्शियन वर्तमानपत्र कुठे गेलं?" मी जरा मोठ्याने विचारलं.

अजितचा चेहरा कोरा झाला. "हा शब्द मला माहीत नाही, काका."

"परवाचं! परवाच्या दिवसाचं, ते नुडियस्टर्शियन! आणि पिलगार्लिक?"

"तोही नाही माहीत."

"पिलगार्लिक म्हणजे टकल्या माणूस!" असं म्हणत मी विजयाने हरीभाऊंकडे बोट केलं. हरीभाऊंना हा शब्द त्यांनी स्वतः शोधून दिला होता याचा विसर पडला असावा. ते दुखावलेले दिसले.

आणि तो मुलगा ओशाळला असेल, तर शपथ! त्याने खिशातून छोटी वही काढली, चेहरा खुललेला. "स्पेलिंग सांगता का? फारच मजेशीर शब्द आहेत."

इथे माझा तोल गेला. न येणाऱ्याने मान खाली घालायची असते, खुश व्हायचं नसतं.

"गुरुजी, माफ करा," मी उभा राहिलो. "मी एकतीस वर्षं छाननी केलेली आहे. ज्याला स्वतःला शब्द येत नाहीत, तो जगाच्या शब्दांची परीक्षा घेतो, हे मला पटत नाही. हा सगळा प्रकार बनावट आहे असं माझं स्पष्ट मत आहे."

"बाबा!" आश्लेषा ओरडली.

"आणि ही बघा त्यांची परीक्षा! मला, सोमणला, अविश्वासार्ह म्हणते!" मी फोन अजितसमोर धरला.

त्याने फोन घेतला. वर सरकवून माझी पहिल्या भागातली उत्तरं पाहिली. क्षणभर त्याच्या ओठांचे कोपरे हलले, मग त्याने फोन पालथा घालून टीपॉयवर ठेवला. "काका, हे आपण नंतर दोघंच बोलू."

"नंतर का? लपवण्यासारखं आहे ना?"

"लपवण्यासारखं काही नाही. पण नंतर बोलू."

"आत्ता! सगळ्यांसमोर!"

त्याने आश्लेषाकडे पाहिलं. तिने 'सांग' अशी मान हलवली. मग तो खाली बघत बोलू लागला. "पहिल्या भागात थोडे शब्द खोटे असतात. इंग्रजीत ते नाहीतच. खऱ्यासारखे दिसतील, कानाला खऱ्यासारखे लागतील, असे बनवून मध्ये मध्ये घालतात. समोरचा माणूस नसलेले शब्दही येतात म्हणाला, तर त्याच्या बाकीच्या 'हो'वरही विसंबता येत नाही. एवढ्यासाठीच. ते खोटे शब्द तयार करायचं काम माझ्याकडे आहे."

"किती होते यात?" कुमुदने स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

"बारा."

"आणि यांनी किती ओळखले?"

आश्लेषाने फोन उचलला, पाहिला आणि म्हणाली, "बाराही येतात बाबाला."

"ऑस्पिडेट?" मी विचारलं. माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला.

"तो मी गेल्या पावसाळ्यात बनवला, काका," अजित म्हणाला.

हरीभाऊंना तेवढ्यात वाडीतला पंप चालू राहिल्याचं आठवलं आणि ते निघून गेले. पंप माझा होता, आणि बंद होता.

मग भागोजी गुरुजी उठले. त्यांनी सदऱ्याच्या बाह्या सारख्या केल्या. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"सोमणसाहेब, मी पस्तीस वर्षं पोरं शिकवली. माझ्या वर्गात एकच नियम होता. येत नसेल तर येत नाही म्हणायचं, त्याला मार नाही. घरातही तोच. हा पोरगा तुमच्यासमोर दोनदा 'माहीत नाही' म्हणाला, सरळ. त्याबद्दल तुम्ही त्याला बनावट म्हणालात." ते मुलाकडे वळले. "चल अजित. गाडी काढ."

अजित उठला. आश्लेषाही उठली, आणि ती तिची पर्स शोधायला लागली. ही पोरगी आता त्यांच्याबरोबर माणगावला निघाली तर परत कधी येईल, हे मला खरोखर माहीत नव्हतं.

"गुरुजी, थांबा," मी म्हणालो. "चुकलं माझं."

गुरुजी थांबले, पण वळले नाहीत. एवढ्यावर भागणार नाही हे मला कळत होतं. छाननीत सवय होते, अर्ज पुरा आहे की अपुरा ते लांबून कळतं. मी कुमुदकडे पाहिलं. ती दारात उभी होती, हात पदराला पुसत, आणि माझ्याकडे शनिवारसारखीच बघत होती.

"शंका सगळी इंग्रजीचीच नव्हती," मी म्हणालो. "थोडी आडनावाची होती. मला वाटत होतं, नाही. पण होती."

आश्लेषाची पर्स सापडली होती, ती तशीच हातात राहिली.

गुरुजी वळले. "व्हय," ते म्हणाले. "ते मला पायरीवर चपला काढतानाच कळलं होतं."

"मग आत कशाला आलात?"

"पोरीने बोलावलं म्हणून. आणि म्हटलं बघू, माणूस कबूल करतो का. बहुतेक करत नाहीत."

त्यांनी माझ्याकडे नीट, वर्गातल्या पोराकडे बघावं तसं पाहिलं. मी पास झालो का ते त्या डोळ्यांत लिहिलेलं नव्हतं. मग ते स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून म्हणाले, "वहिनी, मगापासून वालाच्या बिरड्याचा वास येतोय. डाळिंब्या सोललेल्या आहेत ना?"

"एकूण एक," कुमुद म्हणाली. "बसा."

आम्ही पाटांवर बसलो. अजितने पहिला घास घेतला, दुसरा घेतला आणि म्हणाला की बिरडं त्याच्या आजीसारखं झालंय, फक्त ती कोकम जरा जास्त घालायची. आश्लेषाने बसल्या जागी डोळे पुसले आणि तिखट लागल्याचं सांगितलं. गुरुजींची वाटी रिकामी झाली. कुमुद उठायला लागली, तसा मी तिला हाताने खाली बसवलं आणि वाढायला मीच आत गेलो.

आत गेलो खरा, पण लग्नाला चौतीस वर्षं झाली, पातेल्यापाशी मी याआधी कधी उभा राहिलो नव्हतो. मांडणी पाहिली, फळी पाहिली, खुंट्या पाहिल्या. बाहेर चार माणसं कान देऊन बसली होती.

"कुमुद," मी हाक मारली, "आपला डाव कुठे असतो गं?"